एक टक्का कशाचा?

२०२४ मध्ये ब्रिटनमधल्या परवानाधारक ट्रॅकवर ग्रेहाउंड कुत्रे ३ लाख ५५ हजार ६८२ वेळा धावले. त्या धावांत ३,८०९ जखमा नोंदल्या गेल्या. प्रमाण १.०७ टक्के. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, जखमा ४,२३८ होत्या. म्हणजे वर्षभरात १०.१ टक्क्यांची घट. ‘ग्रेट ब्रिटन ग्रेहाउंड बोर्ड’ ही तिथली नियामक संस्था. तिचे २०१७ पासूनचे वार्षिक आकडे तक्त्यात उपलब्ध आहेत आणि त्या आठ वर्षांतला हा सर्वांत कमी दर आहे.

भागाकार बरोबर आहे. प्रश्न छेदाचा आहे. अंशस्थानी कुत्र्यांच्या जखमा आहेत, पण छेदस्थानी कुत्रे नाहीत, धावा आहेत. एकच कुत्रा वर्षभर धावत राहतो आणि दर वेळी छेदात एकाची भर घालतो. हाड मोडते तेव्हा त्याला पाय मात्र चारच असतात. ‘शंभरात एक’ हे वाचताना डोळ्यांपुढे शंभर कुत्रे आणि त्यांतला एक जखमी असे चित्र उभे राहते. ते चित्र चुकीचे आहे. म्हणून हेच आकडे वेगवेगळे छेद घेऊन पुन्हा मांडून पाहावे लागतात.

पहिला छेद शर्यतीचा. ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे धावतात. ३,५५,६८२ ला सहाने भागले की सुमारे ५९,२८० शर्यती होतात. त्यांत ३,८०९ जखमा, म्हणजे दर १५ ते १६ शर्यतींमागे एक. एका संध्याकाळी साधारण बारा शर्यती धरल्या, तर चार संध्याकाळी मिळून तीन जखमा. दिवसांनी भागले तर रोज दहाच्या वर. २०२४ मध्ये ट्रॅकवर मेलेले किंवा तिथेच पशुवैद्यकाने दयामरण दिलेले कुत्रे १२३ होते, म्हणजे दर तीन दिवसांनी एक.

दुसरा छेद कुत्र्याचा, आणि तो तक्त्यात थेट सापडत नाही. तो काढावा लागतो. बोर्डाच्या म्हणण्यानुसार २०२४ मध्ये शर्यत सोडणाऱ्या कुत्र्यांपैकी ९४ टक्के दत्तक गेले किंवा मालक-प्रशिक्षकाकडेच राहिले. त्याच वर्षी एकूण ३४६ कुत्रे मेले. उरलेले ६ टक्के म्हणजे हे ३४६, असे धरले तर वर्षभरात शर्यतीतून बाहेर पडलेले कुत्रे सुमारे ५,८०० येतात. आता याच संख्येने भागू. १२३ मृत्यू भागिले ५,८००, म्हणजे २.१ टक्के. धावांच्या छेदाने हाच आकडा ०.०३ टक्के होता. मृत्यू तेच १२३, पण एका मांडणीत ते दर २,८९२ धावांमागे एक दिसतात आणि दुसऱ्या मांडणीत शर्यत सोडणाऱ्या दर ४७ कुत्र्यांमागे एक.

जखमांचे गणितही याच वाटेने जाते. ३,५५,६८२ धावा आणि बाहेर पडणारे ५,८०० कुत्रे, म्हणजे एका कुत्र्याच्या वाट्याला उभ्या कारकिर्दीत सरासरी ६१ धावा. दर धावेला जखमेची शक्यता १.०७ टक्के असेल, तर ६१ धावांत एकदा तरी जखमी होण्याची शक्यता ४८ टक्के निघते. हे ढोबळ गणित आहे. सगळे कुत्रे सारखेच धावत नाहीत, काहींना दोनदा-तीनदा इजा होते, आणि ३,८०९ मध्ये स्नायू ताणण्यापासून हाड मोडण्यापर्यंत सगळे येते. तरीही अंदाज बराच खाली आणला तरी तो एक टक्क्याजवळ येत नाही. धावेला एक टक्का असलेली जोखीम आयुष्याला निम्म्याच्या आसपास जाते.

आता घट कशी झाली ते पाहू. कारण उद्योगाचा मुख्य दावा सुधारणेचा आहे आणि त्यात तथ्य आहे. २०१८ मध्ये ४,२६,१३९ धावा झाल्या होत्या आणि ४,९६३ जखमा. दर १.१६ टक्के. २०२४ पर्यंत जखमा १,१५४ ने, म्हणजे २३ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्याच काळात धावाही ७०,४५७ ने, म्हणजे १६.५ टक्क्यांनी घटल्या. २०१८ चाच दर कायम राहिला असता तर २०२४ च्या धावांत ४,१४२ जखमा झाल्या असत्या. झाल्या ३,८०९. म्हणजे १,१५४ पैकी ८२१ जखमा कमी झाल्या त्या शर्यती कमी झाल्यामुळे, आणि ३३३ कमी झाल्या त्या ट्रॅक, पशुवैद्यक आणि नियम सुधारल्यामुळे किंवा निव्वळ त्या वर्षाच्या चढउतारामुळे. घटीतला ७१ टक्के वाटा आक्रसत्या धंद्याचा आहे. ३३३ कुत्र्यांना झाली नसलेली इजा ही मोलाची गोष्ट आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र ‘२३ टक्के सुधारणा’ असे वाचले तर त्यातले जेमतेम सात टक्के सुधारणेचे आहेत.

२०२० चा आकडा हेच सांगतो. त्या वर्षी जखमा ४,९७० वरून ३,५७५ वर आल्या. एका वर्षात २८ टक्के घट, या तक्त्यातली सर्वांत मोठी. त्या वसंतात कोविडमुळे ट्रॅक बंद होते. पुढच्याच वर्षी जखमा परत ४,४२२ झाल्या. कुत्रा कमी धावला की कमी मोडतो, यापेक्षा वेगळे काही या चढउतारात दिसत नाही. आठही वर्षांची बेरीज ३५,१६८ जखमा आणि ट्रॅकवरचे १,३५३ मृत्यू अशी आहे.

मृत्यूच्या रकान्यात एक बारकावा आहे आणि तो पूर्णांकनाचा आहे. २०२२ मध्ये ट्रॅकवर ९९ कुत्रे मेले. २०२४ मध्ये १२३. दोन वर्षांत २४ टक्क्यांची वाढ. पण अहवालात दोन्ही वर्षांचा मृत्युदर ०.०३ टक्के असाच छापलेला आहे. २०२२ मध्ये ४,३५४ जखमा आणि १.१७ टक्के दर होता. त्यावरून धावा सुमारे ३ लाख ७२ हजार निघतात. ९९ ला त्याने भागले तर ०.०२६६ टक्के, आणि १२३ ला ३,५५,६८२ ने भागले तर ०.०३४६ टक्के. दशांशचिन्हापुढे दोनच घरे ठेवली की दोन्हींचे ०.०३ होते आणि तिसऱ्या घरातली ३० टक्के वाढ छपाईत पुसली जाते. दर इतका लहान असतो तेव्हा तो टक्केवारीत न देता दर लाख धावांमागे द्यावा, असे संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी सांगेल. तसा दिला असता तर दर लाखाला २७ वरून ३५ असे दिसले असते, आणि वाचणाऱ्याने कारण विचारले असते.

ट्रॅकबाहेरचे मृत्यू हा तक्त्यातला दुसरा भाग. २०१८ मध्ये एकूण ९३२ कुत्रे मेले, त्यांतले २४२ ट्रॅकवर. २०२४ मध्ये एकूण ३४६, त्यांतले १२३ ट्रॅकवर. एकूण घट ६३ टक्के, ट्रॅकवरची घट ४९ टक्के. सर्वांत मोठा फरक एकाच प्रकारात पडला आहे. उपचार शक्य असूनही खर्च नको म्हणून मारलेले कुत्रे २०१८ मध्ये १७५ होते, २०२४ मध्ये ३. ही घट ९८ टक्के आहे आणि तिचे कारण हिशेबात सापडते. डिसेंबर २०१८ पासून पायाचे हाड मोडलेल्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी बोर्डाने निधी सुरू केला. सप्टेंबर २०२० पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी करतानाच ४०० पौंडांची ठेव घेतली जाऊ लागली, निम्मी मालकाची आणि निम्मी बोर्डाची. कुत्रा निवृत्त झाला की ती रक्कम त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला मिळते.

या दोन आकड्यांवर थोडे थांबायला हवे. १७५ वरून ३ वर यायला नवे औषध लागले नाही, नवे तंत्र लागले नाही. कुत्र्यामागे काही शे पौंड बाजूला ठेवणे पुरले. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षे जे कुत्रे या कारणाने मेले, त्यांच्या मृत्यूची किंमत साधारण तेवढीच होती. बोर्डाच्या यशाचा हा सर्वांत ठळक आकडा आहे आणि त्याआधीच्या काळाचा सर्वांत जड आरोपही तोच आहे.

जखमा होतात कुठे आणि का, हे आता बऱ्यापैकी ज्ञात आहे. ग्रेहाउंड ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने धावतो. सांगली-लातूरकडे पाळल्या जाणाऱ्या कारवान कुत्र्याची ठेवण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा बांधा ओळखीचा वाटेल: खोल छाती, आत गेलेले पोट, लांब सडपातळ पाय. सरळ रेषेत धावण्यासाठी घडलेले हे शरीर आहे. ट्रॅक मात्र लंबवर्तुळाकार असतो आणि धाव घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. सहाही कुत्रे पिंजऱ्यांतून एकाच क्षणी सुटतात, यांत्रिक सशाच्या मागे आतल्या कडेकडे खेचले जातात आणि पहिल्या वळणावर जवळजवळ एकत्रच पोचतात. धडका तिथे सर्वाधिक होतात. धडक नसली तरी डावे वळण घेताना उजव्या मागच्या पायावर पुन:पुन्हा ताण येतो. त्या पायाच्या घोट्यातले एक लहान हाड मोडणे ही ग्रेहाउंडची इतकी ठरावीक इजा आहे, की ती बहुतांश वेळा उजव्याच पायाला होते. इजा नशिबाने होत असती तर दोन्ही पाय सारखे मोडले असते.

सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने न्यू साउथ वेल्सच्या शर्यत संस्थेसाठी २०१७ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. शिफारशी तीन मुख्य होत्या: आठऐवजी सहा कुत्रे धावू द्या, ट्रॅक सरळ करा, आणि यांत्रिक ससा कुत्र्यांपासून आणखी लांब व मध्ये ठेवा म्हणजे ते एकाच कडेला गर्दी करणार नाहीत. ब्रिटनमध्ये पहिली शिफारस आधीपासूनच पाळली जाते. तिथला दर सहा कुत्र्यांच्या शर्यतीतला आहे. म्हणजे सर्वांत सोपा उपाय तिथे आधीच वापरून झाला आहे. उरतो तो वळणाचा प्रश्न, आणि वळण काढले तर प्रेक्षागारासमोरून फेरी मारणारी शर्यतच राहत नाही.

कोणत्या ट्रॅकवर किती जखमा झाल्या हे ब्रिटनच्या वार्षिक तक्त्यात नसते. २०१० च्या इंग्लंडमधल्या नियमांनी ट्रॅकवर पशुवैद्यक आणि जखमांची नोंदवही सक्तीची केली, पण नोंद ठेवणे सक्तीचे आणि ती लोकांपुढे मांडणे ऐच्छिक, अशी ती रचना आहे. बोर्ड देते ती देशाची बेरीज. वीसच्या आत उरलेल्या ट्रॅकपैकी एखाद्याचा दर ०.५ आणि दुसऱ्याचा २ असू शकतो, दोन्ही १.०७ मध्ये विरघळून जातात. धोक्याचे वळण शोधायचे असेल तर हीच माहिती आधी लागते.

इथपर्यंतचे सगळे आकडे पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या कुत्र्यांचे आहेत. जो कुत्रा तिथपर्यंत पोचलाच नाही तो धावांच्या छेदात नाही आणि जखमांच्या अंशातही नाही.

ब्रिटनमध्ये धावणाऱ्या ग्रेहाउंडपैकी ८० ते ८५ टक्के आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात. म्हणजे पैदाशीचा हिशेब एका देशात आणि धावेचा दुसऱ्या देशात. आयर्लंडच्या ग्रेहाउंड मंडळानेच एका सल्लागार कंपनीकडून २०१७ मध्ये अहवाल करून घेतला होता. तो लोकांना कळला २०१९ च्या जूनमध्ये, आरटीई या सरकारी वाहिनीने कार्यक्रम केला तेव्हा. त्या अहवालानुसार वर्षाला सुमारे १६,००० पिल्ले जन्मत होती आणि ५,९८७ कुत्रे पुरेसे वेगवान नाहीत म्हणून मारले जात होते. प्रमाण ३७ टक्के. त्यानंतर पैदास घटली आहे आणि जानेवारी २०२१ पासून प्रत्येक कुत्र्याचा माग ठेवणारी प्रणाली सुरू झाली आहे. त्यामुळे २०१७ चे प्रमाण २०२४ ला लावणे योग्य होणार नाही. पण परिमाण लक्षात घ्यावे: ब्रिटनच्या सगळ्या ट्रॅकवर २०१७ मध्ये मेलेले कुत्रे २५७ होते. त्याच काळात समुद्रापलीकडे, ट्रॅकच्या आधीच, त्याच्या २३ पट.

ऑस्ट्रेलियात हाच छेद एका न्यायाधीशाने मांडला. फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ने प्रशिक्षणात जिवंत ससे, डुकराची पिल्ले आणि पॉसम बांधून कुत्र्यांपुढे टाकले जात असल्याचे चित्रण दाखवले. न्यू साउथ वेल्स सरकारने उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश मायकेल मॅकह्यू यांचा आयोग नेमला. २०१६ च्या अहवालातला मध्यवर्ती आकडा असा: १२ वर्षांत त्या राज्यात ९७,७८३ ग्रेहाउंड जन्मले आणि त्यांतले निम्मे ते ७० टक्के, म्हणजे ४८,८९१ ते ६८,४४८, शर्यतीच्या कामाचे नाहीत म्हणून मारले गेले. रोजचे काढले तर ११ ते १६. अंदाजाची दोन टोके इतकी दूर आहेत, १९,५५७ कुत्र्यांचे अंतर आहे, कारण कोणता कुत्रा कुठे गेला याची नोंदच धड नव्हती. गंभीर जखमा सौम्य म्हणून कळवण्याचे धोरण राज्याच्या शर्यत संस्थेने राबवले, असाही आयोगाचा निष्कर्ष होता. म्हणजे तिथे छेदही नव्हता आणि अंशावरही विश्वास ठेवता येत नव्हता.

७ जुलै २०१६ रोजी मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली. ११ ऑक्टोबरला ती मागे घेतली. मध्ये ९६ दिवस गेले. बारा वर्षांचे आकडे तेच होते.

नोंद नसण्याचे ब्रिटनमधले उदाहरण याहून जुने आहे. जुलै २००६ मध्ये रविवारी निघणाऱ्या एका ब्रिटिश वृत्तपत्राने डरहॅम परगण्यातल्या सीहॅम इथल्या एका माणसाची बातमी छापली. प्रशिक्षक नको असलेले कुत्रे त्याच्याकडे आणत, तो कुत्र्यामागे दहा पौंड घेई, बोल्ट-गनने मारून जमिनीत पुरी. पंधरा वर्षांत सुमारे १०,००० कुत्रे, असा अंदाज प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ६६७. निरोगी कुत्रा मालकाच्या संमतीने झटकन मारणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा नव्हता. त्या माणसाला दंड झाला तो विनापरवाना मृत जनावरे पुरल्याबद्दल, पर्यावरणाच्या कायद्याखाली. दंडाची रक्कम २,००० पौंड. १०,००० ने भागली तर कुत्र्यामागे २० पेन्स.

पैशाचा प्रवाह पाहिला की बरेच काही स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये बुकमेकर ग्रेहाउंडवरच्या उलाढालीच्या ०.६ टक्के रक्कम उद्योगाच्या निधीत देतात. शंभर पौंडांच्या पैजेमागे ६० पेन्स. ही वर्गणी ऐच्छिक आहे. घोड्यांच्या शर्यतीसाठी मात्र वर्गणी कायद्याने सक्तीची आणि ढोबळ नफ्याच्या १० टक्के आहे. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा, ठेवीचा आणि पशुवैद्यकाचा खर्च या ऐच्छिक निधीवर उभा आहे. शर्यती जशा कमी होतील तसा तोही आटेल.

आयर्लंडमध्ये पैसा थेट सरकारी आहे. घोडे आणि ग्रेहाउंड यांच्या शर्यत निधीची ८० आणि २० टक्के अशी कायद्याने वाटणी होते. २०२४ मध्ये ९.५ कोटी युरोपैकी ग्रेहाउंडला १.९ कोटी मिळाले. २०२५ मध्ये निधी ९.९१ कोटी झाला आणि ग्रेहाउंडचा वाटा १.९८ कोटी, वाढ ४ टक्क्यांची. वाटणी ठरावीक असल्यामुळे ग्रेहाउंडच्या मैदानावर किती लोक आले याचा या रकमेशी संबंध उरत नाही. घोड्यांची मागणी वाढली की कुत्र्यांचा हप्ताही वाढतो.

अमेरिकेतले गणित आणखी वेगळे निघाले. अनेक राज्यांत कसिनोचा परवाना हवा असेल तर कुत्र्यांच्या शर्यती चालू ठेवणे बंधनकारक होते. जुगाराचे उत्पन्न टेबलांवर आणि यंत्रांवर, तोटा ट्रॅकवर. आयोवात २०१४ च्या कायद्याने ही गाठ सोडवली, तेव्हा दोन कसिनोंनी शर्यतीतून सुटका व्हावी म्हणून सात वर्षांत मिळून ७.२ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले: काउन्सिल ब्लफ्सने ६.५ कोटी, डुब्यूकने ७० लाख. शर्यत भरवणाराच ती बंद करण्यासाठी एवढी रक्कम मोजतो, तेव्हा तिला किती मागणी उरली आहे ते वेगळे मोजावे लागत नाही.

फ्लोरिडात तर मतदानच झाले. २०१८ मध्ये देशातल्या १७ ट्रॅकपैकी ११ त्या एका राज्यात होते. ट्रॅकवरचे मृत्यू कळवण्याची सक्ती तिथे २०१३ मध्ये आली, जखमा कळवण्याची कधीच आली नाही. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागत होती, मिळाली ६९ टक्के. १ जानेवारी २०२१ पासून तिथे शर्यती बंद झाल्या. आज अमेरिकेत दोन ट्रॅक उरले आहेत, दोन्ही वेस्ट व्हर्जिनियात आणि दोन्ही एकाच कंपनीचे. तिथे ती जुनी गाठ अजून कायद्यात आहे.

ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात ७७ परवानाधारक ट्रॅक होते. लंबवर्तुळाकार ट्रॅकवरची पहिली शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे झाली. ते बेल व्ह्यू २०२० मध्ये बंद पडले. सप्टेंबर २०२२ मध्ये आरएसपीसीए, डॉग्ज ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस या तीन प्राणिकल्याण संस्थांनी पाच वर्षांत शर्यती टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात अशी एकत्र मागणी केली. या तिन्ही संस्था तोपर्यंत उद्योगाबरोबर एकाच मंचावर बसून सुधारणा मागत होत्या. मागणी ‘सुधारा’वरून ‘थांबवा’वर आली, ती आकडे जाहीर होऊ लागल्यानंतर पाच वर्षांच्या आत. दर १.२ वरून १.१ वर आणणे हे सुधारणेचे टोक असेल, तर पुढचा निर्णय दराचा राहत नाही, मुळात शर्यत हवी का याचा होतो. मला हा युक्तिवाद पटतो. १.०७ टक्के हा निष्काळजीपणाचा दर नाही. काळजी घेऊन, पशुवैद्यक उभा करून, सहाच कुत्रे धावू देऊन आलेला हा दर आहे.

न्यूझीलंडने १० डिसेंबर २०२४ रोजी बंदी जाहीर केली. मुदत २० महिन्यांची, ३१ जुलै २०२६ पर्यंत. शर्यतमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी दोन आकडे दिले: पूर्णवेळ रोजगार हजाराच्या थोडे वर, आणि नवे घर शोधावे लागेल असे कुत्रे २,९००. म्हणजे सरासरी महिन्याला १४५ कुत्रे. बंदीची बातमी आली की मालक खर्च वाचवण्यासाठी कुत्रे मारतील ही भीती होती, म्हणून त्याच दिवशी संसदेत तातडीने कायदा करून शर्यतीच्या कुत्र्याला विनाकारण मारणे बेकायदा ठरवले. सीहॅमच्या वेळी नसलेले कलम ते हेच.

वेल्समध्ये शर्यतीचा ट्रॅक एकच आहे, केअरफिली परगण्यातल्या इस्ट्राड मानाख इथला ‘व्हॅली’. बोर्डाचा परवाना त्याला २०२३ मध्ये मिळाला. त्याआधी तो स्वतंत्र होता, त्यामुळे तिथल्या धावा आणि जखमा वरच्या तक्त्यात धरलेल्याच नव्हत्या. वेल्स सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये विधेयक मांडले. त्यानुसार बंदी १ एप्रिल २०२७ च्या आधी नाही आणि १ एप्रिल २०३० च्या नंतर नाही.

त्याच केअरफिली परगण्यात, फोख्रिव गावाच्या डोंगरावर, मे २००४ मध्ये एक ग्रेहाउंड सापडला. डोक्यात बोल्ट-गनने मारले होते, पण तो जिवंत होता. माणसे जवळ आली तेव्हा त्याने शेपटी हलवली. पशुवैद्यकाला त्याला दयामरण द्यावे लागले आणि मारणाऱ्याला पुढे सहा महिन्यांची कैद झाली. लोकांनी त्या कुत्र्याचे नाव ‘रस्टी’ ठेवले, कारण त्याचे खरे नाव शोधणे अवघड करून ठेवले होते. शर्यतीच्या ग्रेहाउंडची ओळख त्याच्या कानात गोंदलेली असते. त्याचे दोन्ही कान कापलेले होते.